जवळच्या पल्ल्याचा उजेड

‘प्रकाश सरळ रेषेत जातो’ हे वाक्य शिकवल्यावाचून आमच्या धंद्यातल्या कोणाचेही वर्ष पुरे होत नाही. पुठ्ठ्याचे तीन तुकडे घ्यायचे, प्रत्येकाला मध्यभागी एक भोक पाडायचे आणि पलीकडे मेणबत्ती लावायची. भोके एका रेषेत आली की ज्योत दिसते, एक पुठ्ठा जरासा सरकवला की नाहीशी होते. प्रयोग नामी आहे आणि वाक्यही खोटे नाही. पण पंजाबात मोगा येथे १९२६ साली जन्मलेले आणि डेहराडूनला वाढलेले नरिंदरसिंग कपानी पुढे अमेरिकेत नावारूपाला आल्यावर सांगत असत की, शाळेत मास्तरांनी हे वाक्य सांगितले त्याच दिवशी आपल्या मनाने घेतले की हे काही पुरते खरे नसावे. उजेडाला वाकवता आले पाहिजे. मास्तरांचे नाव इतिहासाने राखले नाही. विद्यार्थ्याच्या मनात शंका उत्पन्न करणे हेही शिकवण्यातच जमा धरायचे, तर त्या गृहस्थांचा वाटा काही कमी नाही.

दिवाळीच्या अंकात उजेडाची गोष्ट असावी हे ठीकच आहे. मात्र मला जी गोष्ट सांगायची आहे तिच्यातला उजेड डोळ्यांना दिसत नाही. तांबड्या रंगाच्याही पलीकडला तो उजेड आहे. केसाएवढ्या काचेच्या तंतूतून तो धावतो आणि त्याची उडी शंभर-दीडशे मीटरांची, फार तर अर्ध्या किलोमीटरची. समुद्राच्या तळाने खंडे जोडणाऱ्या तंतूंवर पुष्कळ लिहिले गेले आहे. या जवळच्या पल्ल्याच्या तंतूची कोणी फारशी वास्तपुस्त करीत नाही. त्याला ‘मल्टिमोड फायबर’ म्हणतात. आज ऐरोली, रबाळे, महापे या भागांत ज्या बिनखिडक्यांच्या प्रचंड इमारती उभ्या राहिल्या आहेत, ज्यांना डेटा सेंटर म्हणतात, तसल्या इमारतींत यंत्राशी यंत्र बोलते ते पुष्कळदा या तंतूच्या द्वारे. तुम्ही मुलाला पैसे पाठवता, रेल्वेचे तिकीट काढता, नातवंडाचा चेहरा पडद्यावर पाहता, तेव्हा अशा कुठल्या तरी इमारतीत हा दृष्टीआडचा उजेड लुकलुकून गेलेला असतो.

परंतु ही झाली आजची गोष्ट. आपण दीडशेहून अधिक वर्षे मागे जाऊ.

जिनीव्हा येथे डॅनियल कोलॅडन नावाचे प्राध्यापक होते. पाण्याची धार कशी वाहते हे विद्यार्थ्यांना दाखवायचे, तर मागच्या बाकावरच्यांना ती दिसत नसे. ही अडचण पहिल्या बाकावरच्यांना कळत नाही, मास्तरला कळते. त्यांनी सन १८४१ च्या सुमारास टाकीच्या भोकातून निघणाऱ्या धारेत पाठीमागून प्रखर उजेड सोडला. तो उजेड धार सोडून बाहेर पडेना! धार वाकली तसा तोही वाकला आणि खाली जिथे पाणी फुटत होते तिथे जाऊन उजळला. पुढे १८५४ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जॉन टिंडॉल यांनी असाच प्रयोग केला. टिंडॉल हे फर्डे वक्ते आणि लोकप्रिय लेखक. त्यामुळे पुष्कळ पुस्तकांत श्रेय त्यांच्या पदरात पडले आणि कोलॅडन मागे राहिले.

असे का होते, ते विहिरीत पोहायला शिकलेल्यांना वेगळे सांगायला नको. बुडी मारून डोळे उघडून वर पाहावे, तर बरोबर माथ्यावर आकाशाचा एक गोल तेवढा दिसतो. त्याच्या भोवतीचे पाण्याचे छत आरशासारखे चकाकते आणि त्यात विहिरीच्याच भिंती उलट्या दिसतात. दाट माध्यमातून विरळ माध्यमात जाऊ पाहणारा किरण फारच तिरपा आला, तर त्याला बाहेर जाता येत नाही. तो सगळाच्या सगळा आत परततो. कोलॅडन यांच्या धारेत किरण असाच काठाकाठांवर आपटत, आतल्या आत परतत खाली गेला. म्हणजे खरे पाहता तो वाकला नव्हताच. दोन आपटींच्या मध्ये तो सरळच जात होता. मास्तरांचे वाक्य शाबूत, आणि शिष्याची शंकाही शाबूत!

पाण्याच्या जागी काचेचा तंतू आला तो वैद्यकाच्या गरजेपोटी. म्यूनिक येथे १९३० साली हाइनरिख लाम नावाच्या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने तंतूंची जुडी करून तिच्यातून दिव्याच्या तारेची प्रतिमा पलीकडे नेऊन दाखवली. पोटात नळी घालून आतले पाहता यावे हा त्याचा हेतू. प्रतिमा अंधुक होती. प्रकरण तेथेच थांबले. मग १९५४ च्या जानेवारीत ‘नेचर’ या साप्ताहिकाच्या एकाच अंकात दोन टिपणे आली. एक लंडनच्या इंपीरियल कॉलेजातल्या हॉपकिन्स आणि कपानी या गुरुशिष्यांचे, दुसरे हॉलंडच्या व्हॅन हील यांचे. कपानींनी काचतंतूंच्या जुडीतून स्वच्छ प्रतिमा नेली. व्हॅन हील यांची युक्ती दिसायला साधी, पण तिच्यावर पुढचे सारे उभे आहे. तंतूला दुसऱ्या, किंचित विरळ पदार्थाचे आवरण द्यायचे. उघड्या तंतूला बोट लागले, तेलाचा ठिपका पडला, शेजारचा तंतू चिकटला, की तिथून उजेड गळतो. आवरण असले की परतण्याची जागा आतच, जपून राहते. दोन वर्षांनी मिशिगन विद्यापीठात लॉरेन्स कर्टिस या विद्यार्थ्याने काचेवरच काचेचे आवरण चढवले, आणि गाभा व आवरण हे जोडपे तेव्हापासून जे जमले ते आजतागायत. ‘फायबर ऑप्टिक्स’ हे नाव कपानींनी १९६० साली रूढ केले.

पण पोटात हातभर जाणे निराळे आणि गावातून गावात जाणे निराळे. त्या वेळच्या चांगल्यातल्या चांगल्या काचतंतूत वीस मीटरांवर शंभरातला एक भाग उजेड उरे. त्याच्या साहाय्याने बातमी पाठवायची म्हणजे गळक्या घागरीने पाणी भरायचे. इंग्लंडात हार्लो येथील प्रयोगशाळेत काम करणारे, शांघायला जन्मलेले चार्ल्स काव आणि त्यांचे सहकारी जॉर्ज हॉकम यांनी १९६६ मध्ये लिहिले की दोष काचेचा नाही, काचेतल्या मळाचा आहे. लोखंडासारख्या धातूंचे जे सूक्ष्म अंश काचेत असतात ते उजेड गिळतात. ते काढून टाका. एक किलोमीटरनंतर शंभरातला एक भाग उरला तरी टेलिफोनचे काम भागेल. वीस मीटरांचे एकदम हजार मीटर! बहुतेकांनी ही कल्पना हसण्यावारी नेली. काव मात्र स्वच्छ काचेच्या शोधात देशोदेशीच्या काच कारखान्यांचे उंबरे झिजवीत हिंडले.

अमेरिकेत कॉर्निंग या काच कंपनीत मॉरर, केक आणि शुल्ट्झ या तिघांनी १९७० मध्ये ती रेषा ओलांडली. त्यांच्या तंतूत किलोमीटरवर शंभरातले दोन भाग उरले. केक यांनी प्रयोगवहीत आकड्यांच्या शेजारी आनंदाने ओरडल्यासारखा एक उद्गार लिहून ठेवला आहे. प्रयोगवहीत असे लिहू नये म्हणतात. पण अशी वही मला दहा नेटक्या वह्यांपेक्षा प्रिय वाटते. त्यांचा तो पहिला तंतू ठिसूळ होता. दोनच वर्षांनी जर्मेनियम मिसळून केलेला तंतू आला, आणि त्यात किलोमीटरवर शंभरातले चाळीस भाग उरू लागले. काव यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते २००९ साली. तोवर स्मृतिभ्रंशाने त्यांना ग्रासले होते. त्यांचे नोबेल व्याख्यान त्यांच्या पत्नीने दिले. कपानींना त्यात वाटा का नाही, म्हणून आपल्याकडे पुष्कळांना रुखरुख लागली. मला वाटते, ते पारितोषिक दूरच्या संदेशवहनाला होते, आणि गळती का होते हे ओळखण्याचे काम काव यांचेच. कपानींचे मोठेपण त्यामुळे उणे होत नाही. ते २०२० मध्ये वारले. पुढल्या वर्षी सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिले.

गळती थांबली. आता दुसरीच पंचाईत पुढे उभी राहिली, आणि आपली खरी गोष्ट इथून सुरू होते.

तंतूतून बातमी जाते ती उजेडाच्या ठिपक्यांनी: उजेड म्हणजे एक, अंधार म्हणजे शून्य. गाभा रुंद असला तर उजेडाला त्यातून जायला पुष्कळ वाटा असतात. कोणी मधोमध सरळ जातो, कोणी जरा तिरपा जातो, कोणी काठाकाठांवर आपटत नागमोडी जातो. या वाटांना ‘मोड’ म्हणतात. आणि त्या हव्या तेवढ्या नसतात, मोजक्याच असतात. पन्नास मायक्रॉन रुंदीच्या गाभ्यात, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या भागात, आजच्या तंतूत त्या तीनशेच्या वर भरतात. एका क्षणी निघालेला ठिपका तीनशे वाटांनी पांगला, की सरळ जाणारा भाग आधी पोचतो, नागमोडी मागाहून. एका किलोमीटरला हा फरक चाळीस-पन्नास नॅनोसेकंदांचा. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा शंभर कोटीवा हिस्सा. एवढ्याशा वेळाने काय बिघडते? सेकंदाला हजार कोटी ठिपके पाठवायचे, तर प्रत्येकाच्या वाट्याला नॅनोसेकंदाचा दहावा भाग येतो. तंतूतला तो ठिपका लांबीला अवघा दोन सेंटीमीटर, बोटभरही नाही! मागच्या ठिपक्याचे रेंगाळलेले भाग पुढच्या चारपाचशे ठिपक्यांत मिसळणार, आणि पलीकडच्या यंत्राला सगळा गोंगाट ऐकू येणार.

यावर एक उपाय म्हणजे गाभा इतका अरुंद करायचा की त्यात एकच वाट उरावी. हाच ‘सिंगलमोड’ तंतू; त्याचा गाभा नऊ मायक्रॉनच्या आसपास असतो. ही कल्पना जुनीच होती. पण १९७० च्या सुमारास असे दोन गाभे रस्त्यातल्या खड्ड्यात उतरून समोरासमोर बसवायचे, तर मायक्रॉनच्या अंशाचीही चूक चालत नसे. त्या वेळच्या दिव्यांचा उजेड त्यात शिरवणेही कठीण. तेव्हा लोकांनी रुंद गाभाच पसंत केला आणि वाटांचा प्रश्न दुसऱ्या तऱ्हेने सोडवला. ही तऱ्हा मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत देखणी वाटते.

अशी कल्पना करा, की वस्तीवरून शाळेला यायच्या अनेक वाटा आहेत. सरळ वाट भाताच्या खाचरांतून, बांधाच्या कडेकडेने येते. वळशाची वाट डांबरी सडकेने. पावसाळ्यात सरळ वाटेवर चिखल, पाय रुततात. वळशाच्या वाटेला अंतर अधिक, पण पाय झपाझप पडतात. चिखल जर बरोबर हिशेबाने असला, तर सगळी मुले घंटेच्या ठोक्याला एकदमच फाटकात शिरतील. तंतूत हेच करायचे. काच जितकी दाट, तितका उजेड मंद. म्हणून गाभ्याच्या मधोमध काच सर्वांत दाट ठेवायची आणि काठाकडे जाताना ती पायरीपायरीने नव्हे, अगदी अल्लाद उतारासारखी विरळ करत न्यायची. सरळ जाणारा किरण जवळच्या वाटेने पण मंद चालीने जातो. काठाकडे भटकणारा लांबच्या वाटेने पण जलद. आता तो काठावर आपटतही नाही. उतारामुळे आपोआप वळून मध्याकडे परततो, पुन्हा पलीकडे जातो, अशी लाट काढीत पुढे सरकतो. उताराचा आकार भूमितीतल्या अन्वस्ताच्या अगदी जवळचा असावा लागतो. जपानात निशिझावा यांनी १९६४ मध्ये अशा तंतूची कल्पना मांडली होती. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत १९७३ मध्ये ग्लोगे आणि मार्काटिली यांनी त्याचे गणित तपशीलवार सोडवले. त्या वक्राचा नेमका घात काय असावा याचा जो ऊहापोह त्यांनी केला, तो मॅट्रिकच्या बीजगणिताच्या पलीकडचा आहे. पण त्याचे फळ कळायला अडचण नाही. उतार नेमका साधला, तर वाटांमधला तो चाळीस-पन्नास नॅनोसेकंदांचा फरक शेकडो पटींनी कमी होतो.

असा उतार काचेत घडवायचा कसा? बेल प्रयोगशाळेतल्या जॉन मॅक्चेस्नी यांनी १९७४ मध्ये जी रीत बसवली, ती ऐकून आमच्या घरी चिरोट्यांची आठवण निघाली. शुद्ध सिलिकाची पोकळ नळी फिरती ठेवायची, तिच्यातून सिलिकॉन आणि जर्मेनियम यांच्या संयुगांची वाफ प्राणवायूबरोबर सोडायची, आणि बाहेरून ज्योत पुढेमागे न्यायची. प्रत्येक फेरीला आतल्या अंगाला काचेचा एक पातळ पदर बसतो. दर पदराला जर्मेनियम किंचित वाढवत जायचे, म्हणजे आतला पदर बाहेरच्यापेक्षा दाट. असे कितीतरी पदर बसले की ज्योत आणखी प्रखर करायची. नळी मऊ होऊन आतल्या आत मिटते आणि भरीव दांडा होतो. मग पाकाची तार काढावी तसा त्या दांड्यातून किलोमीटरच्या किलोमीटर तंतू ओढायचा. दांड्यात जे जसे असेल ते तंतूत तसेच उतरते, फक्त बारीक होऊन. गुणही उतरतात आणि दोषही. हे वाक्य कृपा करून लक्षात ठेवावे. त्याचे पुढे काम पडणार आहे.

पहिली काही वर्षे या तंतूने राज्य केले. अमेरिकेत शिकागोच्या रस्त्यांखालून १९७७ मध्ये बेल कंपनीने त्यावरून टेलिफोन चालवला. दोन तंतूंच्या जोडीवर ६७२ संभाषणे एकाच वेळी. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात लाँग बीच येथे आणि इंग्लंडातही असेच झाले. आणि आपल्याकडे? भारतातली पहिली प्रकाशतंतूची जोडणी १९७९ मध्ये झाली ती दिल्लीत नव्हे, मुंबईतही नव्हे. पुण्यात, शिवाजीनगर आणि कँटोन्मेंट या दोन टेलिफोन केंद्रांच्या दरम्यान. पुणेकर सहसा आपली कुठलीही पहिलेपणाची गोष्ट सांगायची सोडत नाहीत. ही मात्र त्यांच्या तोंडून मी अद्याप ऐकली नाही.

पण ते राज्य टिकले नाही. १९८० नंतर काही वर्षांतच नऊ मायक्रॉनचे गाभे जुळवण्याची हातोटी साधली, दिवे सुधारले, आणि दूरच्या पल्ल्याला सिंगलमोडने मल्टिमोडला पार हुसकावून लावले. अटलांटिक महासागराच्या तळाने १९८८ मध्ये जो पहिला प्रकाशतंतू गेला तो सिंगलमोडच. एकच वाट असल्यावर वाटांचा तंटा कशाला राहतो? मल्टिमोडचे दिवस भरले असे जाणत्यांनी सांगितले. त्याच्याविषयी असे सांगण्याची ही पहिली वेळ, शेवटची नव्हे.

तो वाचला तो घरात शिरून. कचेऱ्यांतून संगणक आले होते. त्यांना एकमेकांशी जोडायचे, तर अंतरे इमारतीपुरती. तिथे तंतूपेक्षा त्याच्या दोन टोकांच्या यंत्रांचा खर्च मोठा. रुंद गाभ्याला स्वस्तातला एलईडी दिवा पुरत होता. शिवाय जोडणी सैल असली तरी चाले. अमेरिकेत तर गाभा आणखी रुंद, साडेबासष्ट मायक्रॉनचा केला, की जास्त उजेड शिरावा. १९९० च्या आसपास असल्या नारिंगी तंतूंचे जाळे महाविद्यालये, बँका, इस्पितळे यांच्या छतांत आणि भिंतींत घातले गेले. सेकंदाला दहा कोटी ठिपके, दोन किलोमीटरपर्यंत. सगळे सुखाने चालले होते.

मग १९९६ मध्ये अमेरिकेतल्या अभियंत्यांच्या संस्थेची एक समिती बसली. सेकंदाला शंभर कोटी ठिपके पाठवायचे, म्हणजे ज्याला गिगाबिट म्हणतात त्याचे नियम ठरवायचे. एलईडी इतक्या वेगाने लुकलुकू शकत नाही. त्याची धाव त्याच्या अलीकडेच संपते. लेसर हवा. लेसर महाग, पण इथे जपानने हात दिला. तोक्योतले केनिची इगा यांना २२ मार्च १९७७ रोजी एक कल्पना सुचली होती: तोपर्यंतचे लेसर चकतीच्या कडेतून उजेड देत, तो चकतीच्या पाठीतून सरळ वर का येऊ नये? १९७९ मध्ये त्यांनी तसा लेसर केला, पण तो अतिशय थंड ठेवला तरच क्षणभर चाले. साध्या हवेत अखंड चालणारा करायला १९८८ उजाडले. अकरा वर्षे! मात्र एकदा जमल्यावर त्याचे गुण असे की, एका चकतीवर हजारो लेसर एकदम होतात, कापण्याआधीच तपासता येतात, आणि त्यांचा झोत वाटोळा असल्यामुळे पन्नास मायक्रॉनच्या गाभ्यात सहज बसतो. १९९६ पासून ते बाजारात मिळू लागले. स्वस्त लेसर, स्वस्त तंतू, आणि तंतू तर आधीच भिंतीत घातलेला. समितीला वाटले, काम फत्ते.

लेसर जोडले, आणि काही तंतूंत एका ठिपक्याचे दोन ठिपके निघू लागले.

तंतू तेच होते. कालपर्यंत एलईडीखाली बिनतक्रार चालत होते. दोष कुठे होता, तर कित्येक वर्षांपूर्वी त्या दांड्यात. नळी आतल्या आत मिटवताना, त्या भयंकर उष्णतेत, अगदी आतल्या पदरातले जर्मेनियम थोडे उडून जाई. त्यामुळे काच जिथे सर्वांत दाट असायला हवी तिथेच, बरोबर मधोमध, एक बारीकसा खळगा राही. दांड्यातला खळगा तंतूत उतरला, तंतू भिंतीत गेला. एलईडीचा उजेड सगळ्या तीनशे-चारशे वाटा सारख्या भरून टाकतो. त्यातल्या दोनचार वाटांवर खळगा असला, तर गर्दीत कोणाला कळते? लेसरचा झोत बारीक. तो मोजक्याच वाटांत शिरतो, आणि त्याही नेमक्या मधल्या. खळग्यावरून गेलेला भाग आणि बाजूने गेलेला भाग वेगवेगळ्या वेळी पोचतात. ज्या दोषाला कोणी दोष म्हटले नव्हते तो नव्या कामाला आडवा आला. एकेका इमारतीत कितीतरी किलोमीटर तंतू. भिंत फोडून पाहिल्याशिवाय, आणि फोडून पाहिले तरी, कोणता चांगला आणि कोणता खळग्याचा हे डोळ्यांना दिसणारे नाही. नियमांचे काम काही महिने अडून राहिले. सगळ्या इमारतींना नवे तंतू घाला असे सांगितले असते, तर बँकांनी आणि विद्यापीठांनी समितीला दारात उभे केले नसते.

तोडगा निघाला तो असा, की ऐकून प्रथम थट्टा वाटावी. लांब लहरींच्या लेसरसाठी दोन मीटरांची एक खास जोडतार करायची. तिच्यात सिंगलमोड तंतू मल्टिमोडला मुद्दाम वाकडा जोडायचा, गाभ्याच्या मध्यापासून सुमारे वीस मायक्रॉन बाजूला. म्हणजे झोत खळग्याला वळसा घालून शिरेल. पंचवीस वर्षे कारागिरांनी गाभ्याशी गाभा अचूक जुळवण्याची विद्या मिळवली होती; आता तीच विद्या अचूक चुकवण्यासाठी वापरायची! आखूड लहरींच्या लेसरसाठी झोत कसा शिरावा याचे बंधन घातले आणि अंतर कमी केले. अमेरिकेतल्या जुन्या नारिंगी तंतूवर अवघे २२० मीटर. १९९८ च्या जूनमध्ये नियम मंजूर झाले.

मला या प्रसंगात नोबेल पारितोषिकाइतकाच रस वाटतो. नवे करणाऱ्याला मोकळे रान असते. इथे दुसऱ्यांनी, दुसऱ्या कामासाठी, आधीच पुरून ठेवलेल्या काचेशी जमवून घ्यायचे होते. आणि ज्यांनी ते जमवले त्यांची नावे नियमांच्या पुस्तकात मागल्या पानावर बारीक अक्षरांत असतात. कुठल्याही शाळेच्या क्रमिक पुस्तकात त्यांना जागा मिळणार नाही.

पुढला तंतू मात्र शहाणपणाने केला गेला. रुंदी पुन्हा पन्नास मायक्रॉनवर आली, खळगा काढून टाकला, आणि परीक्षेची रीत बदलली. पूर्वी सगळ्या वाटा एकदम उजळून एकूण निकाल पाहत. आता सुईसारखा झोत गाभ्यावरून एकेक मायक्रॉन सरकवायचा आणि प्रत्येक ठिकाणाहून सोडलेला ठिपका केव्हा पोचतो ते टिपायचे. वर्गाची सरासरी न पाहता प्रत्येक मुलाची वही तपासावी, तसे. २००२ मध्ये हा तंतू ओएम-तीन या नावाने आला, समुद्री निळसर रंगाच्या वेष्टणात. त्याच्यावर सेकंदाला हजार कोटी ठिपके ३०० मीटर जाऊ लागले. जुन्या साडेबासष्टच्या तंतूवर तेच २६ मीटर जात. सव्वीस मीटर म्हणजे आमच्या शाळेच्या एका व्हरांड्याची लांबी! २००९ मध्ये ओएम-चार आला. तंतू छतांतून निघून डेटा सेंटरांच्या लोखंडी कपाटांच्या रांगांत शिरला, तो याच सुमारास.

तरी वेग वाढला की पल्ला घटतो, हे दैव काही चुकले नाही. २०१० मध्ये सेकंदाला चार हजार कोटी पाठवायचे ठरले, तेव्हा एका तंतूवर सगळे घालण्याऐवजी चार तंतू जायला आणि चार यायला, अशी वाटणी केली. ओएम-चारवर १५० मीटर. २०१५ मध्ये दहा हजार कोटी, तेच आठ तंतू, १०० मीटर. तंतूंच्या जुड्या मोठ्या होऊ लागल्या तेव्हा कोणी म्हणाले, की एकाच तंतूत चार निरनिराळ्या रंगांचे उजेड घाला. त्यासाठी २०१६ मध्ये एक नवा तंतू मान्य झाला. तो ओएम-पाच, पोपटी वेष्टणाचा. तो गुणी आहे, पण वेष्टणाइतका उठून दिसला नाही. कारण तोवर फेसबुकसारख्या बड्या कंपन्यांची आवारे इतकी पसरली, की शंभर मीटर त्यांना पुरेनात; त्यांनी अर्ध्या किलोमीटरच्या हिशेबाने सिंगलमोड घातला आणि त्याची यंत्रे घाऊक घेऊन स्वस्त करवली. पुन्हा एकदा जाणत्यांनी मल्टिमोडचे दिवस भरल्याचे सांगितले.

ते काही अगदीच चुकीचे म्हणता येत नाहीत. वाळूजला स्टरलाइटचा प्रकाशतंतूचा कारखाना आहे. आपल्या गावोगावी, ग्रामपंचायतींपर्यंत गेला तो तंतू सिंगलमोडच, आणि तोच तिथे योग्य. दूर जायचे तर एकच वाट बरी. पण २०२२ मध्ये जे नियम झाले त्यांत मल्टिमोडच्या एका तंतूवर सेकंदाला दहा हजार कोटी ठिपके धरले आहेत. पल्ला १०० मीटर, आणि आणखी स्वस्तात हवे असेल तर ५० मीटर. भाषा बोलणारी, चित्रे काढणारी जी नवी यंत्रे आली आहेत त्यांची कपाटे एकमेकांना खेटून असतात. तिथे पन्नास मीटर पुष्कळ होतात. त्याहून जवळ, एकाच कपाटात, अजून तांब्याची तारच चालते. म्हणजे तांबे आणि सिंगलमोड या दोन बलाढ्य शेजाऱ्यांच्या मध्ये, दोनचार मीटरांपासून शंभर मीटरांपर्यंतची एवढीशी पट्टी या तंतूच्या ताब्यात उरली आहे. ती दर वेगवाढीला दोन्ही बाजूंनी आवळली जाते, आणि दर वेळी कोणी तरी लेसर नाही तर गणित सुधारून ती मोकळी करून घेतो.

एखाद्या जुन्या महाविद्यालयाच्या किंवा बँकेच्या छताची फळी कधी दुरुस्तीसाठी काढली, तर धुळीत नारिंगी रंगाची वेटोळी दिसतात. ती बहुधा मध्यभागी खळगा असलेल्या काचेची असतात. कोणी ती काढून टाकत नाही. काढायला मजुरी पडते.